नळीतला उंदीर आणि तोफेशेजारचा माणूस



दिवाळीत गल्लीत कोणीतरी सुतळी बॉम्ब लावतं. आपण दारात उभे असतो. आवाज कानाला ऐकू येतोच, पण त्याच क्षणी छातीवर कोणी हलकी थाप मारल्यासारखंही वाटतं, खिडकीची काच थरथरते. ती थाप म्हणजे हवेच्या दाबाची लाट. सुतळी बॉम्बमध्ये दारू असते काही ग्रॅम. रस्त्यात पुरलेल्या सुरुंगात स्फोटक किलोंमध्ये असतं, आणि तिथून जी लाट निघते तिची जातच वेगळी. आज आपण त्या लाटेविषयी आणि ती मेंदूचं काय करते हे शोधणाऱ्या प्रयोगशाळांविषयी बोलणार आहोत. नुसती माहिती द्यायची नाही. गेले काही महिने आम्ही या विषयावरचे शोधनिबंध एकामागून एक वाचले आणि वाचता वाचता आमची काही मतं झाली. काही कौतुकाची, काही तक्रारीची. दोन्ही तुमच्यापुढे ठेवतो.

आधी लाट समजून घेऊ. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल असतो. स्फोट झाला की तप्त वायूंचा गोळा फुगतो आणि पुढची हवा इतक्या झपाट्याने ढकलतो की तिला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. मग ध्वनीपेक्षा वेगाने धावणारी दाबाची एक भिंत तयार होते. ही भिंत अंगावरून जाते तेव्हा दाब जवळजवळ शून्य वेळात शिखराला पोचतो, पुढच्या काही मिलिसेकंदांत उतरतो, वातावरणाच्या दाबाच्याही थोडा खाली जातो आणि मग सावरतो. आलेख काढला तर एक उभा कडा, पलीकडे घसरण आणि पायथ्याशी उथळ खड्डा. फ्रीडलँडर या गणितज्ञाच्या नावावरून या आकाराला फ्रीडलँडर तरंग म्हणतात. या भिंतीच्या पाठोपाठ वारा येतो, आणि तोही साधा नाही, माणसाला उचलून फेकणारा. तेव्हा लाट वेगळी आणि वारा वेगळा, एवढं लक्षात ठेवा. पुढचं निम्मं भांडण याच दोघांतलं आहे.

प्रश्न असा. डोकं कशावर आपटलं नाही, लोखंडाचा तुकडा घुसला नाही, कवटीला तडा नाही. नुसती लाट डोक्यावरून गेली. एवढ्याने मेंदूला इजा होते का? प्रश्न विचारायला सोपा, वयाने शंभरीच्या पुढचा, आणि त्याच्या उत्तरावर माणसांची पेन्शनं अडलेली आहेत.

पेन्शनचा मुद्दा आम्ही उगाच आणत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या फेब्रुवारीत, चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये तीन सैनिकांची हकीकत छापली. तोफगोळे जवळ फुटले होते. दृष्टी अधू झाली होती, वास आणि चव गेली होती, आठवणीत भोकं पडली होती. अंगावर म्हणावी तशी जखम नव्हती. 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकात रुजला तो इथून. पुढे फ्रेडरिक मॉट यांनी बाहेरून जखम नसताना मेलेल्या दोन सैनिकांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि बारीक रक्तस्राव दाखवले. म्हणजे शरीराची इजा. पण अशी लक्षणं स्फोटाच्या जवळपासही न गेलेल्या सैनिकांत दिसू लागली. म्हणजे मनाची? ब्रिटिश लष्कराने यातून जी वाट काढली ती बघण्यासारखी आहे. रोग्याच्या कागदावर 'शेल शॉक' पुढे 'डब्ल्यू' लिहिलं तर तो शत्रूच्या माऱ्याने जखमी, त्याला जखमी सैनिकाची पट्टी आणि पेन्शनचा हक्क. 'एस' लिहिलं तर तो फक्त आजारी, त्याला दोन्ही नाही. आणि १९१७ मध्ये तर आघाडीवर तो शब्द वापरायलाच मनाई झाली. त्याऐवजी लिहायचं, 'अजून निदान न झालेला, मज्जाविकार'. एका अक्षरावर माणसाचं उरलेलं आयुष्य टांगलेलं.

शरीर की मन, डब्ल्यू की एस. आमचं आजचं म्हणणं या दोन अक्षरांभोवतीच फिरणार आहे. हा प्रश्न प्रयोगशाळेने सोडवावा असं पुढे सगळ्यांना वाटू लागलं, आणि प्रयोगशाळेने तो तसाच, त्याच शब्दांत, स्वीकारला. तिथे पहिली चूक झाली असं आम्हाला वाटतं.

मधल्या काळात मेंदू मागेच पडला, आणि त्याला कारण होतं. दुसऱ्या महायुद्धात सॉली झुकरमन यांनी लंडनवरच्या बॉम्बवर्षावाच्या काळात फुप्फुसांचा अभ्यास केला. स्फोटाने फुप्फुसं रक्ताळतात, ती दाब तोंडावाटे आत शिरून की छातीच्या भिंतीवर आदळून? त्यांनी काही प्राण्यांच्या अंगाला रबराचं जाड वेष्टन घातलं, तोंडं मोकळी ठेवली. वेष्टन घातलेल्यांची फुप्फुसं वाचली. एका साध्या प्रयोगाने वाद मिटला. असा प्रयोग वाचला की हेवा वाटतो. पुढे अमेरिकेत अल्बुकर्कीच्या लव्हलेस फाउंडेशनमध्ये बोवेन आणि सहकाऱ्यांनी १३ जातींच्या दोन हजारांहून अधिक प्राण्यांवरच्या मोजणीतून १९६८ मध्ये आलेख बसवले, इतका दाब इतका वेळ लागला तर माणूस जगेल की मरेल हे सांगणारे. ते आजही वापरात आहेत. पण ते फुप्फुसाचे आलेख आहेत. स्फोटाने मरायचं तर फुप्फुसाने मरायचं, हे तेव्हा गृहीत होतं.

मग इराक आणि अफगाणिस्तानात चिलखत आलं. छाती झाकली गेली. पूर्वी जी माणसं फुप्फुसांच्या इजेने जागेवर दगावली असती ती जगली, उठून चालू लागली, घरी गेली, आणि घरी गेल्यावर म्हणाली, झोप नाही, डोकं ठणकतं, शब्द सापडत नाहीत, संताप आवरत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न नवे कपडे घालून दारात उभा राहिला.

२००८ साली होज आणि सहकाऱ्यांचा न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला निबंध आला. इराकहून परतलेले २,५२५ अमेरिकी सैनिक. त्यातल्या सुमारे १५ टक्क्यांनी शुद्ध हरपल्याची किंवा भान बदलल्याची इजा सांगितली. ज्यांची शुद्ध हरपली होती त्यांतल्या जवळजवळ ४४ टक्क्यांत आघातोत्तर तणावविकाराचे, म्हणजे पीटीएसडीचे, निकष भरले. मग लेखकांनी संख्याशास्त्राने पीटीएसडी आणि नैराश्य यांचा वाटा बाजूला काढला, आणि काय उरलं? डोकेदुखी. बाकीच्या तक्रारींचा मेंदूच्या इजेशी स्वतंत्र संबंध दिसेना.

निबंध प्रामाणिक आहे, काम काटेकोर आहे. पण त्याचा अर्थ बाहेर असा गेला की हे बहुतेक मनाचं आहे. पुन्हा 'एस'. आता इथे थांबून विचार करा. पीटीएसडीचा वाटा वजा करायचा, याचा अर्थ आपण आधीच धरून चाललो आहोत की पीटीएसडी ही लाटेपासून वेगळी गोष्ट आहे. समजा चिडचिड, दचकणं, झोप उडणं ही लक्षणं लाटेनेच मेंदूच्या विशिष्ट भागांत केलेल्या बिघाडातून येत असतील तर? तर त्या वजाबाकीत इजाच वजा झाली. आकडे बरोबर, उत्तर मात्र प्रश्नातच लपवलेलं. हे माणसांच्या सर्वेक्षणातून सुटणार नाही, कारण रणांगणावर लाट आणि भीती एकाच क्षणी येतात. दोघांना वेगळं करायचं तर प्रयोगशाळाच लागते. म्हणून आपण नळीकडे येतो.

शॉक ट्यूब ही लांब पोलादी नळी असते. एका टोकाच्या कप्प्यात हेलियम किंवा नायट्रोजन दाबून भरतात. कप्पा आणि उरलेली नळी यांच्यामध्ये प्लास्टिकचा ताणलेला पडदा. दाब वाढत गेला की पडदा फाटतो आणि एक लाट नळीतून धावत सुटते. वाटेत भूल दिलेला उंदीर बांधून ठेवलेला. दारू नाही, धूर नाही, आणि तोच दाब पुन्हा पुन्हा काढता येतो. प्रयोगासाठी आदर्शच म्हणायचं.

पण उंदीर नळीत नेमका कुठे ठेवला? ही बाब क्षुल्लक वाटते. आम्हालाही आधी वाटली. कितीतरी निबंधांत उंदीर नळीच्या तोंडाशी किंवा तोंडाबाहेर ठेवलेला असतो, ठेवायला आणि काढायला ते सोयीचं पडतं. २०१२ मध्ये नमस चंद्रा यांच्या गटाने, त्यात शैलेश गणपुले हेही होते, उंदीर नळीच्या आत आणि तोंडाबाहेर अशा वेगवेगळ्या जागी ठेवून दाब मोजला. आत, मधल्या भागात, फ्रीडलँडर तरंग नीट मिळतो. तोंडाशी मात्र लाट बाहेर पडताच पसरते, दाब भलत्याच घाईने कोसळतो, आणि मागून नळीतला वायू झोतासारखा येतो. बागेच्या पाइपच्या तोंडाशी हात धरावा तसं. तिथला उंदीर लाटेने कमी आणि झोताने जास्त झोडपला जातो. मान झटकते, शरीर ढकललं जातं. म्हणजे दोन प्रयोगशाळा दोन्हीकडे '१०० किलोपास्कल' लिहितात, आणि दोघींनी उंदरांना दोन वेगळ्या गोष्टी केलेल्या असतात. मग एकीला स्मृतिदोष सापडतो, दुसरीला सापडत नाही, आणि त्यावर परिसंवाद भरतात.

आमची पहिली तक्रार इथे आहे. निबंधात शिखरदाबाचा एक आकडा छापून भागत नाही. दाबाचा अख्खा आलेख छापा, काळासह. उंदीर कुठे होता, तोंड कुठल्या दिशेला होतं, डोकं बांधलेलं होतं की मोकळं, ते लिहा. खाणावळीत सुद्धा थाळीत काय काय आहे ते फळ्यावर लिहिलेलं असतं.

डोकं बांधलेलं की मोकळं, हे किती महत्त्वाचं? गोल्डस्टाइन आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा निबंध बघा. तो खूप गाजला. त्यात दोन भाग आहेत. एकात चार माजी सैनिकांचे मेंदू, ज्यांच्यात टाऊ या प्रथिनाचे साठे सापडले. मुष्टियोद्धे आणि अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांत जो ऱ्हास दिसतो, ज्याला सीटीई म्हणतात, त्याच धाटणीचे. दुसऱ्या भागात लहान उंदीर, नळीतली एकच लाट, आणि दोन आठवड्यांत मेंदूत बदल, शिकण्यात आणि लक्षात ठेवण्यात घट. मग त्यांनी काही उंदरांचं डोकं स्थिर जखडलं आणि तीच लाट दिली. शिकण्यातली घट टळली! लाट तीच, दाब तोच, पण डोकं हललं नाही तर स्मृती शाबूत. म्हणजे घात केला तो वाऱ्याने, डोकं गदागदा हलवून. आमच्या मते त्या निबंधातलं सोनं हे आहे. पण गाजलं काय? सैनिकांना सीटीई होतो, ही पहिली बाजू. चार मेंदूंवरून. त्या चौघांच्या आयुष्यात स्फोट होता, डोक्याला मार होता, किंवा दोन्ही होतं.

त्या बाजूचा हिशेब पुढे दहा वर्षांनी लागला. २०२२ मध्ये प्रीमर आणि सहकाऱ्यांनी सैन्यात काम केलेल्या २२५ माणसांचे मेंदू तपासले. सीटीई सापडला दहांत. स्फोट अनुभवलेल्या ४५ पैकी तीन, न अनुभवलेल्या १८० पैकी सात. आणि दहाच्या दहा जण कधी ना कधी अंगाला अंग भिडणारे खेळ खेळलेले होते. स्फोटाने सीटीई होतो हे चित्र बरंच फिकं पडलं. चारावरून शितपरीक्षा करायची नसते हे आपल्याकडे सांगावं लागत नाही, कारण शितपरीक्षेला भात आधी एका भांड्यातला असावा लागतो.

मग स्फोटाने मेंदूत काहीच होत नाही का? होतं. इथे आम्हाला सगळ्यांत मोलाचं वाटलेलं काम येतं, आणि त्यात उंदीर नाही. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे डॅनियल पर्ल यांच्या गटाने, शाइव्हली पहिल्या लेखिका, २०१६ मध्ये लॅन्सेट न्यूरोलॉजीत आठ सैनिकांच्या मेंदूंची पाहणी छापली. पाच जण स्फोटानंतर बराच काळ जगलेले, तिघे तीव्र स्फोटानंतर थोड्याच दिवसांत गेलेले. त्यांच्यात एक वेगळीच खूण होती. मेंदूतल्या अ‍ॅस्ट्रोसाइट या आधारपेशींनी केलेले व्रण. ते कुठेही पसरलेले नव्हते, हद्दींवर होते. मेंदूचा पृष्ठभाग जिथे भोवतीच्या द्रवाला भिडतो तिथे, आत शिरणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या कडेने, करडा भाग आणि पांढरा भाग यांच्या सांध्यावर, पोकळ्यांच्या अस्तराशी. तुलनेसाठी घेतलेल्या, साध्या माराच्या इजा असलेल्या मेंदूंत ही खूण तशी नव्हती. लाट एका घनतेच्या पदार्थातून दुसऱ्यात जाते तेव्हा तिची शक्ती सांध्यावर खर्च होते, हे भौतिकशास्त्र विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवतात. व्रण अगदी तिथेच. आठच मेंदू आहेत, हे आम्ही विसरत नाही. गोल्डस्टाइन यांना चाराबद्दल टोकलं तर इथेही आठ म्हणून टोकायला हवं. फरक एवढाच की इथे खुणेची जागा लाटेच्या स्वभावाशी जुळते, आणि पर्ल यांनी ती सीटीईच्या जुन्या साच्यात कोंबली नाही.

आणि इथेच नळीतल्या उंदराचा कमकुवतपणा उघडा पडतो. माणसाचा मेंदू साधारण १,४०० ग्रॅम, प्रयोगातल्या मोठ्या उंदराचा दोन ग्रॅमच्या आसपास. ते सोडा. माणसाच्या मेंदूला घड्या आहेत, उंदराचा मेंदू गुळगुळीत, सोललेल्या बदामासारखा. माणसात पांढरा भाग भरपूर, उंदरात अगदी पातळ थर. म्हणजे ज्या हद्दींवर माणसात व्रण सापडले त्यांतल्या बऱ्याचशा हद्दी उंदरात जवळपास नाहीतच. ज्या घरात माळा नाही तिथे माळ्यावरचा चोर कसा सापडणार? याच कारणाने बेथेस्डाच्याच मंडळींनी पुढे फेरेट घेतला. मुंगसासारखा दिसणारा प्राणी, मेंदू लहान पण घड्या असलेला. त्याआधी स्वीडनमध्ये साल्यो आणि सहकाऱ्यांनी भूल दिलेली डुकरं खऱ्याखुऱ्या हॉवित्झर तोफेजवळ आणि खांद्यावरून डागायच्या अस्त्राजवळ, गोळा डागणारा माणूस जिथे असतो तिथे ठेवली होती, आणि त्यांच्या मेंदूत बारीक रक्तस्राव पाहिले होते. २००८ चं काम. नळीपेक्षा ते गैरसोयीचं, महाग, आणि आमच्या मते जास्त खरं. त्याचा उल्लेख होतो, पण त्याच्या वाटेने जाणारे थोडे.

आता वेळेचंही सांगायला हवं. फुप्फुसाच्या बाबतीत लहान प्राण्याचा आकडा माणसाला लावायचा तर वजनाच्या घनमुळाने गुणतात. ३०० ग्रॅमचा उंदीर आणि ७० किलोचा माणूस यांच्यात हा गुणक सहाच्या थोडा वर येतो. उंदराला दोन मिलिसेकंद म्हणजे माणसाला बारा, असा. पण हा नियम छातीसाठी बसवला आहे. डोकं म्हणजे हाडाच्या करंड्यात ठेवलेला मऊ ऐवज, आणि उंदराची कवटी कागदासारखी पातळ. तिथे कुठला गुणक लावायचा यावर एकमत नाही. त्यामुळे निबंधात "माणसाच्या अमुक किलोच्या स्फोटाइतकं" असं वाक्य दिसलं की आम्ही तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढतो. एका निबंधाच्या समासात अशी सात झाली.

एवढं सगळं बोलल्यावर तुम्हाला वाटेल, हे नळीचे वैरी दिसतात. अजिबात नाही. आम्हाला सगळ्यांत विचार करायला लावणारा प्रयोग नळीतलाच आहे, आणि तो तिच्या एका उणिवेवर उभा आहे. उणीव कोणती, तर भूल. आयसोफ्लुरेनसारखं भुलीचं औषध स्वतःच मेंदूला थोडं संरक्षण देतं, त्यामुळे भुलीतल्या उंदराची इजा कमी दिसू शकते. सैनिक काही भूल घेऊन सुरुंगावर पाय देत नाही. रास्त आक्षेप. पण एल्डर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये याच भुलीचा उपयोग करून घेतला. उंदरांना भूल देऊन सलग तीन दिवस रोज एक, ७४.५ किलोपास्कलची लाट दिली. तुलनेच्या उंदरांना भूल, नळी, हाताळणी सगळं तेच, फक्त लाट नाही. मग काही महिने वाट पाहिली. लाट घेतलेले उंदीर जास्त दचकत होते, उघड्यावर बिचकत होते, भीतीचा धडा वेगळ्या तऱ्हेने धरून बसत होते. भीतीशी संबंधित बदामाकृती भागात, अमिग्डलात, स्टॅथमिन नावाचं प्रथिन वाढलेलं होतं.

जरा नीट बघा इथे काय झालं. उंदीर झोपलेला होता. त्याने स्फोट पाहिला नाही, ऐकला नाही, शेजारी कोणी मेलेलं पाहिलं नाही. त्याच्या 'मना'ला काही कळलंच नाही. तरी महिन्यांनी तो पीटीएसडीच्या रोग्यासारखा वागतो. होज यांनी जे वजा केलं ते इथे परत बेरजेत आलं.

या प्रयोगालाही खोड काढता येते, आम्ही काढतोही. लाटेने कान बिघडतात, आणि बिघडलेल्या कानाचा उंदीर आवाजाला दचकतो तो वेगळ्याच कारणाने. उंदराच्या दचकण्याला पीटीएसडी म्हणणं हे रूपक आहे, निदान नाही. आणि या क्षेत्रातल्या बहुतेक कामासारखे हेही उंदीर नर होते, सैन्यात स्त्रिया आता सगळीकडे असताना. हे सगळं मान्य करूनही त्या प्रयोगाने एक दार उघडलं: शरीर की मन असं विचारणं बंद करा, कारण लाट शरीरातून मनापर्यंत पोचू शकते. मायर्स यांच्या तीन रोग्यांना हे कोणी सांगितलं असतं तर 'डब्ल्यू' आणि 'एस'चा शिक्का घेऊन बसलेल्या कारकुनाची मोठी पंचाईत झाली असती.

आणि तो कारकून अजून आहे. जानेवारी २०२० मध्ये इराकमधल्या अल असद तळावर इराणी क्षेपणास्त्रं पडली. आधी जाहीर झालं, कोणी जखमी नाही. मग आकडा वाढत वाढत शंभरच्या वर गेला, सगळे मेंदूच्या इजेचे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष तेव्हा म्हणाले की डोकेदुखी वगैरे झाल्याचं ऐकलं, फार गंभीर नाही. रक्त दिसत नाही ना.

शेवटची तक्रार मात्र आम्हाला सगळ्यांत मोठी वाटते. नळी एक मोठी लाट देते, फार तर तीन. पण आज ज्यांच्याबद्दल काळजी वाटते ती माणसं कोण आहेत? दार उडवायला शिकवणारे प्रशिक्षक, खांद्यावरून रॉकेट डागणारे, तोफेवरचे गोलंदाज. त्यांना शत्रूची लाट लागलेलीच नसते. लाट त्यांच्या स्वतःच्या हत्याराची, लहान, आणि दिवसातून कितीतरी वेळा, वर्षानुवर्षं. २०१६-१७ मध्ये सीरिया आणि इराकमध्ये इस्लामिक स्टेटविरुद्ध लढलेल्या अमेरिकी तोफांच्या तुकड्यांनी अल्प काळात प्रचंड संख्येने गोळे डागले, आणि घरी परतल्यावर त्यांच्यातल्या अनेकांची घडी विस्कटली, हे न्यू यॉर्क टाइम्सने २०२३ मध्ये सविस्तर छापलं. अशा लहान लाटांसाठी अमेरिकी सैन्य चार पीएसआय, म्हणजे सुमारे २८ किलोपास्कल, ही मर्यादा धरतं. ऑगस्ट २०२४ मध्ये संरक्षण खात्याने ती लेखी मार्गदर्शनात आणली. पण ही मर्यादा एकेका लाटेची आहे. दहा हजार लाटा, प्रत्येक तीन पीएसआयची, यांचं काय? मिठाच्या चिमटीला विष कोणी म्हणत नाही, पण रोजच्या जेवणातल्या चिमट्यांचा हिशेब डॉक्टर विचारतोच.

हिशेब ठेवायचा प्रयत्नही झाला होता. अफगाणिस्तानात सैनिकांच्या अंगावर छोटी दाबमापकं बसवली गेली, आणि काही वर्षांनी, त्या आकड्यांवरून इजा ओळखता येत नाही म्हणून, ती बाजूला ठेवली गेली. हा निर्णय आम्हाला उलटा वाटतो. आकड्यांवरून आज इजा ओळखता येत नसेल, पण आकडेच नसतील तर वीस वर्षांनी सुद्धा ओळखता येणार नाही. क्ष-किरण विभागातला तंत्रज्ञ छातीला बिल्ला लावतो तो आज आजारी आहे म्हणून नाही. २०२४ मध्ये अमेरिकेच्या विशेष दलांतल्या ३० कार्यरत सैनिकांची मेंदूचित्रं, रक्त, स्मृती सगळं तपासलेला अभ्यास आला. जास्त स्फोट अनुभवलेल्यांत मेंदूच्या पुढच्या भागात फरक दिसला, पण एकट्या माणसाचं निदान करील अशी एकही चाचणी हाती लागली नाही. लेखकांनी ते सरळ लिहिलं आहे. अशा सरळपणाची या क्षेत्राला गरज आहे.

हे सगळं आपल्यापासून फार लांब नाही. नाशिकजवळच्या देवळालीत भारतीय सैन्याची तोफखान्याची शाळा आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये एम-७७७ आणि के-९ वज्र या तोफा सैन्यात दाखल झाल्या त्या समारंभपूर्वक देवळालीतच. यातली एम-७७७ म्हणजे सीरियात त्या तुकड्यांनी वापरलेलीच तोफ, वजनाला हलकी, उघड्यावरची, गोलंदाज तिच्या बाजूलाच उभे. देवळालीत कोणाला इजा होते असं आम्ही म्हणत नाही. आमचं म्हणणं इतकंच, की तिथे शिकवायला उभा राहणारा उस्ताद पंधरा वर्षांत किती लाटा घेतो हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. खिशात मावणारं एक यंत्र आणि ते आकडे त्याच्या आरोग्याच्या फायलीत जातील एवढी व्यवस्था पुरते. उंदराने जे सांगायचं ते बरंचसं सांगून झालं आहे. आता मोजायचं आहे ते माणसाजवळ.

व्याख्यान सुरू होण्याआधीच एक प्रश्न लेखी आला होता, त्याला उत्तर देतो: हेल्मेटने भागणार नाही का? २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठात पहिल्या महायुद्धातली हेल्मेटं आणि आजचं हेल्मेट खोट्या डोक्यावर चढवून वरून लाट सोडली. माथ्यावरचा दाब कमी करण्यात फ्रेंचांचं १९१५ चं अ‍ॅड्रियन हेल्मेट आजच्या हेल्मेटपेक्षाही सरस ठरलं, बहुधा त्याच्या माथ्यावरच्या उभ्या पट्टीमुळे. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, शंभर वर्षांपूर्वीचं हेल्मेट भारी. प्रयोग सुरेख आहे, आणि वरून येणाऱ्या लाटेपुरता आहे. खंदकात लाट वरून येते. तोफेशेजारी ती समोरून, चेहऱ्यावर येते, आणि चेहरा दोन्ही हेल्मेटांत उघडाच. चेहऱ्यावर ढाल बसवली तर काय होईल याचं गणित एमआयटीच्या मंडळींनी २०१० मध्ये केलं होतं. त्यात मेंदूपर्यंत पोचणारा ताण बराच घटला. ते गणित संगणकातलं होतं.

बरं, आता पुढचे प्रश्न घेऊ.